शिकवणीच्या मोबदल्यात निवारा : संत जॉन बॉस्को

३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. १८८८ साली ह्याच दिवशी त्यांनी इटलीतील तुरीन येथे देह ठेवला. बोर्डिंगमधील मुलांचे हे कैवारी स्वतः परक्या घरी राहूनच शिकले.

१८१५ साली बेक्की ह्या खेड्यातील गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. १८३१ साली ते किएरी शहरात शिकावयास आले, तेव्हा सोळा वर्षांच्या जॉन ह्यांना चिमुकल्यांच्या वर्गात बसावे लागले. राहण्याजेवणाचा खर्च घरून भागणे कठीण होते. ज्या विधवेकडे ते राहत, तिचा मुलगा खेळात रमणारा, अभ्यासाचा कंटाळा करणारा. शिवाय जॉन ह्यांच्याहून वरच्या वर्गातला! तरीही त्याची शिकवणी त्यांनी पत्करली. काही महिन्यांतच मुलगा मार्गी लागला आणि त्या मातेने जॉन ह्यांचे मासिक पैसे माफ केले.

१८४१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८४७ पासून तुरीनच्या व्हाल्दोक्को भागातील आपल्या घरी ते निराधार मुलांना आश्रय देऊ लागले. रात्रशाळेला शिक्षक अपुरे पडत, म्हणून काही तरुणांना त्यांनी लॅटिन, फ्रेंच व गणित विनामूल्य शिकविले. अट एकच : त्यांनी संध्याकाळी इतर मुलांना शिकवावयाचे.