विश्लेषण : संकरित क्रीडा पोनी आणि लेडी ॲन ब्लंट यांचा संबंध काय?

ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने लयीत केलेल्या हालचालींची स्पर्धा. युरोपात मुले ती १४८ सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या पोनींवर बसून खेळतात. यातील बऱ्याच पोनी वेल्श आणि अरबी घोड्यांच्या संकरातून आल्या. त्यातल्या अरबी रक्ताचा माग काढला, की अनेकदा इंग्लंडमधले क्रॅबेट पार्क गाठावे लागते.

कोण होत्या लेडी ॲन?

जन्म १८३७ चा. कवी बायरन यांची नात, गणितज्ञ एडा लव्हलेस यांची मुलगी. पंधराव्या वर्षी आई गेली. त्या व्हायोलिन उत्तम वाजवत. त्यांच्याकडचे १७२१ चे स्ट्रॅडिव्हेरियस आजही ‘लेडी ब्लंट’ म्हणूनच ओळखले जाते. २०११ मध्ये ते सुमारे १.५९ कोटी डॉलरना विकले गेले. १८६९ मध्ये कवी विल्फ्रिड ब्लंट यांच्याशी विवाह झाला. अनेक गर्भपात सोसल्यावर ज्युडिथ ही एकच मुलगी जगली.

घोडे कुठून आणले?

१८७७-७८ च्या हिवाळ्यात पतीबरोबर त्या युफ्रेटिसकाठच्या बदाऊनी टोळ्यांत फिरल्या, पुढच्या वर्षी थेट नज्दमधील हाइलपर्यंत गेल्या. अरबी शिकल्या. घोडी पसंत पडली तरी वंश कळल्याशिवाय सौदा नाही, हा खाक्या. १८७८ मध्ये क्रॅबेटचा स्टड सुरू झाला. पुढे कैरोच्या अली पाशा शरीफ यांच्या पागेतून मसूदसारखे स्टॅलियन मिळाले.

मग संकराशी संबंध?

गंमत इथेच आहे. त्यांचा सारा आग्रह शुद्ध रक्ताचा. पण संकर करणाऱ्यालाही एका बाजूला भरवशाचे, ठाम गुण उतरवणारे रक्त लागतेच. वेल्श घोडीकडून मजबूत हाडे आणि काटकपणा, अरबीकडून रेखीव डोके, दमसास आणि हलकी चाल; शिवाय अरबी घोडा फार उंच नसल्याने शिंगरू पोनीच्या मापात राहण्याची शक्यता जास्त.

स्टड टिकला कसा?

जेमतेम. पतीची प्रेमप्रकरणे असह्य झाल्यावर १९०६ मध्ये दोघे वेगळे झाले आणि घोड्यांचीही वाटणी झाली. लेडी ॲन यांनी शेवटची वर्षे इजिप्तमध्ये काढली. डिसेंबर १९१७ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. त्यानंतर घोड्यांवरून बाप-लेकीत कोर्टकज्जा झाला. अखेर स्टड ज्युडिथ यांच्या हाती आला. १९२० मध्ये त्यांनी स्कोव्ह्रोनेक घेतला. त्याच्या आणि मसूदच्या वंशातला नसील पुढे आयर्लंडला गेला. ब्रिटनमधील पोनी-प्रदर्शनांत गाजलेली प्रिटी पॉली ही त्याचीच मुलगी.