जागा वाचायला शिकविणारे बॅटली

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकणाऱ्यांपुढे आदर्श होते ते ग्रीक आणि रोमन स्तंभांचे. या विद्यार्थ्यांची दृष्टी आपल्या देशातील वाडे, मंदिरे आणि मशिदींकडे वळविली ती क्लॉड बॅटली या इंग्रज शिक्षकाने.

इंग्लंडमधील इप्सविच येथे १८७९ मध्ये जन्मलेले बॅटली १९१३ मध्ये भारतात आले. 'ग्रेगसन, बॅटली अँड किंग' या मुंबईतील वास्तुविशारद संस्थेचे ते भागीदार. १९३० मध्ये सुरू झालेले मुंबई सेंट्रल स्थानक त्यांच्याच आराखड्याचे. मात्र, त्यांचे मोठे काम वर्गात झाले. १९२३ ते १९४३ अशी २० वर्षे त्यांनी जे. जे. मधील वास्तुकला विभागाची धुरा वाहिली.

नवे घर रेखाटण्याआधी जुने घर मोजा, ही त्यांची शिस्त होती. विद्यार्थी टेप घेऊन जुन्या वास्तूंचे मोजमाप करीत आणि आराखडे काढीत. अशी रेखाचित्रे त्यांच्या १९३४ च्या भारतीय वास्तुकलेवरील ग्रंथात आली. मोजताना कारणे उमगत. चौकातून तापलेली हवा वर जाते, खोल छज्जा भिंतीवर सावली धरतो, जाळी प्रखर उजेड मंदावते. पण वारा अडवीत नाही. नुसती नक्षी उचलण्यापेक्षा ही कारणे समजणे त्यांना महत्त्वाचे वाटे.

व्यवसायात मात्र त्यांना तडजोड चुकली नाही. मलबार हिलवरील महंमद अली जिना यांचा १९३६ चा बंगला त्यांनी युरोपीय थाटातच बांधला. मालवणजवळच्या आचऱ्याचे त्यांचे विद्यार्थी अच्युत कानविंदे पुढे आधुनिक शैलीकडे वळले. तरी कानपूर आयआयटीच्या संकुलात त्यांनी ऊन-वाऱ्याचा विचार सोडला नाही. बॅटली यांचे १९५६ मध्ये निधन झाले.

त्यांच्या शिकवणीची गरज आज वऱ्हाडाला अधिक आहे. अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा अनेकदा ४४ अंशांपलीकडे जातो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत आणि ओसरी ही त्या उन्हावर येथील गवंड्यांनी शोधलेली उत्तरे. त्यांच्या जागी पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड केलेल्या काचेच्या इमारती येत आहेत. जुने वाडे पडण्यापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ते मोजून ठेवले, तर बॅटली यांचा धडा वऱ्हाडातही गिरविला जाईल.