चोविसावा कप्पा

आपल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक 'इतर' नावाचं फोल्डर असतं. जे कुठेच बसत नाही, ते त्यात टाकायचं आणि विसरायचं. असंच एक फोल्डर कार्ल लिनियसनेही केलं होतं.

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या एका खेड्यात झाला. वडील पाद्री होते आणि त्यांना बागेचं भारी वेड. मुलानेही पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा. पण अभ्यासात याचं काही खरं नाही, याला एखादी कारागिरी शिकवा, असं शाळेतल्या मास्तरांचं मत पडलं! रोथमन नावाच्या डॉक्टरांनी मात्र पोराची नजर ओळखली आणि त्याला मेडिकलला घालायला वडिलांना राजी केलं.

पुढे उप्साला विद्यापीठ, १७३२ मध्ये लॅपलँडचा खडतर प्रवास आणि १७३५ मध्ये हॉलंडमध्ये 'सिस्टेमा नॅचुरे' हे जेमतेम डझनभर मोठ्या पानांचं पुस्तक. त्यातली युक्ती आपल्यालाही आवडेल अशी सोपी होती. फुलातले पुंकेसर मोजा, त्यांची मांडणी बघा आणि झाड त्याच्या वर्गात टाका. १७५३ मध्ये त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली. आपल्या आंब्याचं मँजिफेरा इंडिका हे नाव तेव्हाचंच.

पण शेवाळाला फूलच नाही. मग मोजणार काय? लिनियसने तेवीस वर्ग फुलांच्या झाडांना दिले आणि उरलेल्यांसाठी चोविसावा केला, क्रिप्टोगॅमिया. म्हणजे ज्यांचं लग्न लपून होतं असे! नेचे, मॉस, शैवाल, बुरशी सगळे त्यात. शैवालांत तर त्याने मसाल्यातलं दगडफूल घातलं आणि चक्क स्पंजही, जो प्राणी आहे.

हसू येतं ना? पण त्याने हा पसारा फेकून दिला नाही किंवा ओढूनताणून दुसऱ्या वर्गांतही कोंबला नाही. वेगळा ठेवला, म्हणून पुढच्यांना तो उघडता आला. १८३६ मध्ये हार्वेने शैवालं रंगावरून लाल, तपकिरी, हिरवी अशी वेगळी केली. १८८३ मध्ये आइकलरने थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा अशी मांडणी केली, जी अकरावीत पाठ करताना मी वैतागले होते. आज आपल्याला कळतं, की जमिनीवरच्या झाडांचं जवळचं नातं हिरव्या शैवालाशी आहे, तपकिरी शैवाल फार लांबचं आणि निळं-हिरवं शैवाल तर बॅक्टेरिया.

लिनियसचा शेवट चटका लावणारा आहे. १७७४ पासून पक्षाघाताचे झटके आले आणि हजारो नावं देणाऱ्या माणसाची स्मरणशक्ती गेली. १० जानेवारी १७७८ रोजी तो उप्सालात वारला.

आपल्या हॉस्टेलच्या टाकीमागे पावसाळ्यात हिरवं शेवाळ धरतं. त्यावरून घसरलात, तर शिव्या देण्याआधी एकदा खाली बघा. चोविसाव्या कप्प्यातलंच आहे ते.