चंदेरी पिशवीतला फॅरेडे

नवा मदरबोर्ड घेतला की खोक्यात तो एका चंदेरी-करड्या पिशवीत मिळतो. आपण काय करतो? पिशवी टराटरा फाडून फेकतो. पुढे बोर्ड दुरुस्तीला न्यायची वेळ आली की पेपरात गुंडाळायचा, सॅकमध्ये कोंबायचा आणि करमाडहून जालना रोडने शहर गाठायचं. पण त्या पिशवीमागचं विज्ञान ज्याने दाखवून दिलं, तो स्वतः पोरवयात घरोघरी पेपर पोचवायचा. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याला एका नियमापुरतं भेटला असाल. आज जरा नीट भेटा.

22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन बट्स इथे तो जन्मला. वडील लोहार, त्यातही सतत आजारी. घरात एवढी ओढाताण की एका पडत्या काळात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा, तोच सात दिवस पुरवायचा. शाळा म्हणाल तर लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पेपर पोचवायला लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बुकबाइंडिंग शिकू लागला. सात वर्षं! फरक एवढाच की बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचूनही काढायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला तिथेच सापडला. खिशातली तांब्याची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद एकावर एक रचून त्याने घरच्या घरी बॅटरी बनवली.

1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने चारही व्याख्यानांची टिपणं काढली, स्वतः बाइंडिंग करून त्यांचा ग्रंथ केला आणि थेट डेव्हीला पाठवून दिला. आपल्या भाषेत सांगायचं तर सीव्हीसोबत केलेलं काम जोडलं. 1 मार्च 1813 ला तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. पुढे डेव्हीसोबत युरोपभर फिरताना त्याला नोकराची कामंही करावी लागली, डेव्हीच्या बायकोने ते पुरेपूर जाणवून दिलं. तरी तो टिकला. 1821 मध्ये त्याने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, 1831 मध्ये चुंबकापासून वीज मिळवली. तुमच्या पंख्याची मोटर आणि वीजकेंद्रातलं जनित्र इथूनच सुरू होतात.

आता मदरबोर्डकडे येऊ. 1833 मध्ये फॅरेडेच्या लक्षात आलं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते. धातूंमध्ये नेमकं उलटं होतं. ज्यांना आपण अर्धवाहक म्हणतो, त्यांच्या वागण्याची ही पहिल्या नोंदींपैकी एक. बोर्डावरची प्रत्येक चिप त्याच कुळातली.

1836 मध्ये तर त्याने कमालच केली. 12 फूट लांब, रुंद आणि उंच अशी लाकडी चौकट उभारली, तिला तारा आणि धातूचा पत्रा लावला आणि स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून यंत्राने एवढा विद्युतभार दिला की ठिणग्या उडत होत्या. आत मात्र त्याच्या उपकरणांना विजेचा मागमूस लागला नाही. भार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे त्याने आत बसून सिद्ध केलं. तुमच्या चंदेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो तो याचसाठी. बोर्ड आत, भार बाहेर. गुलाबी पिशवी मात्र वेगळी. ती घासल्यावर स्वतः फारसा भार तयार करत नाही, पण बाहेरचा झटका अडवत नाही.

हे एवढं मनावर का घ्यायचं? आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ही स्थिर वीज. साधारण 3000 व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक चिप 100-200 व्होल्टलाही दगावू शकते. गंमत म्हणजे ती लगेच मरेलच असं नाही. आतली जोडणी अर्धवट भाजते, बोर्ड आज चालतो आणि काही दिवसांनी विनाकारण बंद पडतो. मग आपण कंपनीला शिव्या घालतो. प्रत्येक स्पर्शाने बोर्ड जातो असंही नाही, यूएसबीसारख्या जोडण्यांजवळ संरक्षक भाग असतात. पण सगळीकडे नसतात.

दुसरा शत्रू म्हणजे वाकणं. बोर्डावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी कपॅसिटर असतात. सिरॅमिकचे, म्हणून कडक पण ठिसूळ. बोर्ड वाकला की त्यांना डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. त्यांची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये मोजतात, ते एककही याच माणसाच्या नावाचं. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना तर बोटाच्या टोकानेही वाकतात.

शेंद्र्याला नोकरी मिळेल म्हणून आयटीआय करत असाल किंवा घरीच पीसी जोडत असाल, तर एवढं पाळा. आधी प्लग काढा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, काम करताना अधूनमधून पुन्हा लावा. बोर्ड कडेने धरा. रॅम बसवताना बोर्ड सपाट टेबलावर किंवा स्क्रूंवर नीट टेकलेला हवा, अधांतरी नको. नेताना पिशवी, वर पुठ्ठ्याचं खोकं. कारखान्यात कामगार मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात, तोही काही फार महाग नसतो.

फॅरेडेला गणित जेमतेम येत होतं. त्याच्या कल्पना पुढे मॅक्सवेलने समीकरणांत मांडल्या. चाळिशी उलटल्यावर स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तेव्हा आधार होता तो वहीचा. आयुष्यभरात त्याने प्रयोगांच्या 16 हजारांवर क्रमांकित नोंदी केल्या. सर ही पदवी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही. मुलांसाठीची नाताळची व्याख्यानं मात्र आवडीने दिली. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या त्याने जगाचा निरोप घेतला.

त्याची ती वहीची सवय उचलायला पैसे लागत नाहीत. बोर्ड उघडला की तारीख टाका, काय काढलं, काय बसवलं, नंतर काय बिघडलं ते लिहा. दुरुस्तीवाल्यापुढे उभं राहाल तेव्हा त्याच्याइतकंच तुम्हालाही माहीत असेल.