दादासाहेब मावळंकर आणि ती गोल इमारत

आमच्या हिवरे बाजारात ग्रामपंचायतीच्या इमारतीला ग्रामसंसद म्हणतात. म्हणून असेल, पण दिल्लीच्या संसदभवनाविषयी मला पहिल्यापासून कुतूहल. त्या इमारतीची माहिती वाचायला बसलो आणि इमारतीपेक्षा एका माणसातच अधिक गुंतलो. ते म्हणजे गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती.

घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. अहमदाबादेत बी. ए. झाले, मुंबईला कायद्याची परीक्षा दिली आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली केली. असहकाराच्या चळवळीत ती चांगली चाललेली वकिली त्यांनी बाजूला ठेवली. नगरपालिकेचे अध्यक्षपद आले, तुरुंगवासही आला. तुरुंगात ते खुनी-दरोडेखोरांची सुखदुःखे ऐकत बसत. पुढे लोकसभेत हा सराव उपयोगी पडला असावा, असे गमतीने म्हणावेसे वाटते!

ते अहमदाबादेत असताना इकडे दिल्लीत ती इमारत उभी राहत होती. १९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळ मोठे झाले, त्याला जागा हवी होती. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी कोनशिला बसली, १८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केले. व्यास ५६० फूट, भोवती १४४ खांब, खर्च ८३ लाख रुपये. आत एक दालन कायदेमंडळाला, एक राज्यपरिषदेला आणि एक संस्थानिकांना, मधोमध ग्रंथालय. राजेरजवाड्यांना अख्खे दालन आणि मताचा अधिकार मात्र मूठभरांनाच! राज्य कोणाचे होते ते या वाटणीवरूनच कळते.

मावळंकर १९३७ पासून मुंबई विधानसभेचे सभापती होते. २४ जानेवारी १९४६ रोजी सर कावसजी जहांगीर यांचा अवघ्या तीन मतांनी पराभव करून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. नेमक्या याच काळात इमारतीचा कायापालट सुरू झाला. ग्रंथालयाचे दालन नव्याने सजवून तेथे ९ डिसेंबर १९४६ पासून संविधान सभा भरली. संस्थानिकांच्या दालनात १९५० साली सर्वोच्च न्यायालय आले व १९५८ पर्यंत राहिले. कायदेमंडळाचे सभासद होते १४५. त्याच दालनात १९५२ साली लोकसभेच्या ४९९ सभासदांना सामावून घ्यायचे होते.

दगडविटांचे काम अभियंत्यांनी केले. पण परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी बांधलेल्या घरात सरकारलाच जाब द्यायला लावायचा, हे काम मावळंकरांच्या वाट्याला आले. १५ मे १९५२ रोजी शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी ते निवडून आले. सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी समिती १९५० सालीच निघाली होती. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहणारी समिती १९५३ साली आली. ऊठसूट वटहुकूम काढण्याला त्यांचा विरोध होता. त्याबद्दल त्यांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहिली. स्वपक्षाच्या, आणि एवढ्या लोकप्रिय पंतप्रधानाला!

तरी एक गोष्ट मला खटकते. इंग्लंडच्या सभापतीप्रमाणे त्यांनी आपला पक्ष सोडला नाही. पक्षाच्या सक्रिय राजकारणापासून दूर राहिले म्हणजे पुरे, असे त्यांचे मत होते. विरोधकांना ते पटणे कठीणच. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. असा ठराव लोकसभेत पहिल्यांदाच येत होता. त्या वेळी उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार आसनावर होते. ठराव फेटाळला गेला, पण तो तेथे मांडता आला आणि त्यावर मोकळेपणाने बोलता आले, याचे मला विशेष वाटते.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. जागा अपुरी पडू लागल्याने त्याच वर्षी त्या गोल इमारतीवर दोन मजले चढवण्यात आले. १९ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभा शेजारच्या नव्या इमारतीत गेली आणि जुन्या इमारतीला संविधान सदन हे नाव मिळाले.