वाफेच्या उपासकाची डिझेल इंजिने

ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात ऑलिव्हर बुलीड हे नाव निघाले की लगेच दोन तट पडतात. काहींच्या मते ते वाफेच्या इंजिनांचे अखेरचे प्रतिभावंत अभियंते, तर काहींच्या लेखी रेल्वेचा पैसा प्रयोगांत उधळणारे गृहस्थ. या वादात यार्डात डबे ढकलणारी त्यांची साधी डिझेल इंजिने मात्र विस्मरणात गेली.

बुलीड यांचा जन्म १८८२ मध्ये न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर आई मुलांना घेऊन वेल्सला परतली. १९०१ मध्ये ते डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले आणि १९०८ मध्ये तेथील मुख्य अभियंते आयव्हॅट यांचे जावई झाले. पुढे नायजेल ग्रेस्ली यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९३७ मध्ये सदर्न रेल्वेच्या मुख्य यांत्रिक अभियंतापदाची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी वयाची पंचावन्नी गाठली होती. या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब मांडतात. बुलीड यांची खरी कारकीर्द तेथून सुरू झाली.

त्याच वर्षी अ‍ॅशफर्डच्या कारखान्यातून ३५० अश्वशक्तीची तीन डिझेल शंटिंग इंजिने बाहेर पडली. ती त्यांचे पूर्वसुरी माँसेल यांच्या काळात मागवलेली होती. यार्डातले इंजिन दिवसाचा बराच वेळ नुसते उभे असते. वाफेचे इंजिन उभ्याउभ्याही कोळसा खाते, शिवाय कामाला जुंपण्याआधी काही तास त्याची भट्टी पेटवावी लागते. डिझेलला हे लाड नाहीत. त्यामुळे वाफेची सद्दी संपण्याची पहिली चाहूल यार्डातच लागली.

बुलीड यांचे मन मात्र वाफेतच रमलेले होते. महायुद्ध ऐन भरात असताना १९४१ मध्ये त्यांनी 'मर्चंट नेव्ही' वर्गाचे एक्स्प्रेस इंजिन रुळांवर आणले. तेलाच्या बंदिस्त टाकीत साखळीवर चालणारी त्याची झडपयंत्रणा कागदावर देखणी होती. व्यवहारात तेल गळे, प्रसंगी आगही लागे. पुढे या वर्गातील सर्व ३० इंजिनांची पुनर्बांधणी करावी लागली. 'लीडर'ची कथा तर अधिकच करुण. दोन्ही टोकांना चालकाची केबिन आणि मधल्या कोंदट खणात आगवाला अशी त्याची रचना होती. त्या खणातील उष्णता असह्य होई. वजनाचा तोल साधेना म्हणून एका बाजूला भंगार लोखंड भरावे लागले. चाचण्यांनंतर हे एकमेव पूर्ण झालेले इंजिन १९५१ मध्ये मोडीत निघाले.

याच धामधुमीत १९४९ ते १९५२ या काळात अ‍ॅशफर्डला २६ डिझेल शंटिंग इंजिने तयार झाली. १९३७ च्याच आराखड्याची ही सुधारित आवृत्ती होती. आऱ्यांऐवजी भरीव तबकड्यांची खास बुलीड पद्धतीची चाके ही तिची ओळख. १९४९ मध्येच पॅक्समन कंपनीचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेला ११००१ क्रमांकाचा एक वेगळा नमुनाही तयार झाला, पण दहा वर्षांतच तो भंगारात गेला. २६ इंजिने तुलनेने सरळमार्गी निघाली. त्यांचा दोष एवढाच, की ती संख्येने थोडी होती. राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने दुसऱ्या एका कंपनीच्या आराखड्यावरून प्रमाणित शंटर निवडला आणि १९५२ पासून दहा वर्षांत त्याची तब्बल ९९६ इंजिने बांधली. या गर्दीत निराळ्या सुट्या भागांची २६ इंजिने कोण सांभाळणार? साठच्या दशकाच्या अखेरीस वाहतूक घटू लागताच त्यांच्यावर गंडांतर आले.

बुलीड तोपर्यंत आयर्लंडला गेले होते. तेथे त्यांनी पीट, म्हणजे दलदलीतील इंधनमाती, जाळणारे वाफेचे इंजिन १९५७ मध्ये बांधले. आणि त्याच देशातील डिझेलीकरणही त्यांच्याच देखरेखीखाली झाले. हा विरोधाभास त्यांना स्वतःला कधी खटकल्याचे दिसत नाही. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. १९७० मध्ये माल्टा येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या शंटरपैकी उरलेली इंजिने सेवेतून बाद झाली. १५२२४ क्रमांकाचे एक इंजिन रेल्वेप्रेमींनी जतन केले.