मिठाची पुडी ते हस्तकलेचं प्रदर्शन

प्रदर्शनात हाताने घडवलेला मग उचलायचा, फोटो काढायचा, बुडाला चिकटवलेली किंमत बघायची आणि गुपचूप जागेवर ठेवून द्यायचा. उंद्रीहून चिखलीला, संभाजीनगरला नाहीतर पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांचं असंच होतं. एवढ्याशा मगाला एवढे पैसे? या प्रश्नाचं उत्तर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ चा, मंगळूरचा. लहानपणीच लग्न झालं आणि वैधव्यही आलं. त्या काळात त्यांनी पुन्हा लग्न केलं, पुढे लंडनला जाऊन शिकल्या. १९२६ मध्ये मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि थोडक्यात हरल्या.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या मुंबईत होत्या. सत्याग्रहींनी बनवलेल्या मिठाच्या पुड्या घेऊन त्या थेट शेअर बाजारात विकायला गेल्या आणि अटक झाली. मीठ तर कुठल्याही दुकानात मिळत होतं. पण ही पुडी घेणारा ती कोणी बनवली आणि का बनवली, हे जाणून पैसे मोजत होता.

फाळणीनंतर त्यांनी निर्वासितांसाठी सहकारी तत्त्वावर काम उभं केलं, फरिदाबादच्या वसाहतीसाठी झटल्या. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. यंत्रावरच्या स्वस्त मालापुढे कारागीर टिकणार कसा, हा खरा पेच होता. कमलादेवी गावोगाव फिरल्या. श्रीकाळहस्तीची कलमकारी, जयपूरची निळी भांडी अशा विझत चाललेल्या कलांना त्यांनी पुन्हा हात दिला. शिकवणारे उस्ताद शोधले, प्रशिक्षण सुरू केलं, शहरात विक्रीची सोय केली. कला नुसती संग्रहालयाच्या काचेआड न राहता रोजच्या वापरात यावी, हा त्यांचा आग्रह होता. वस्तू विकली गेली तरच कारागिराची पुढची पिढी ते काम शिकणार, हे साधं गणित त्यांना पक्कं कळलं होतं.

१९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९८७ मध्ये पद्मविभूषण. २९ ऑक्टोबर १९८८ ला त्या गेल्या.

आता पुढच्या प्रदर्शनात घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे कोणी केलं आणि किती दिवस लागले? मग परवडला नाही, तर छोटी पणती घ्या. पण बनवणाऱ्याचं नाव विचारून घ्या.